महर्षी कर्वे: ऐंशीनंतरची चोवीस वर्षं

नीरजा_को

कोथरूडच्या बसमध्ये ‘कर्वे पुतळा’ ही हाक रोज कानावर पडते. रस्ता त्यांच्या नावाचा, नगर त्यांच्या नावाचं, संस्था त्यांच्या नावाची. शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं: विधवेशी पुनर्विवाह केला, विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ काढलं, भारतरत्न मिळालं. म्हणजे १८९३, १८९६, १९१६ आणि मग थेट १९५८. मधल्या चाळीस वर्षांचं काय?

धोंडो केशव कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले तेव्हा ५६ वर्षांचे होते. पुढे आणखी ४८ वर्षं जगले. ९ नोव्हेंबर १९६२ला पुण्यातच गेले, वय १०४. ऐंशी वर्षं १९३८ साली पूर्ण झाली, त्यानंतरची ही चोवीस वर्षं कुणी बोलतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. अण्णांचं सगळ्यात धाडसाचं काम त्यांच्या म्हातारपणातलं आहे. ७८व्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा सुरू करायची आणि मोठ्या माणसांचं वाचन सुटू द्यायचं नाही, असा हेतू. ८६व्या वर्षी, १९४४ साली, समता संघ. एवढं सगळं उभं करून झालेला माणूस पुन्हा शून्यापासून वर्गणी मागायला बाहेर पडतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तुमच्या घरात, गावात त्यांच्या उतारवयातल्या काही आठवणी आहेत का? आणि हा माणूस थांबला का नसेल, तुम्हाला काय वाटतं?

पेठकर

उत्तम धागा. पहिला मान माझा. १८९१ पासून पुण्यात राहून माणूस १०४ वर्षं जगतो, म्हणजे पेठेतल्या लोकांचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नाही ही विद्या त्यांना साधली होती 😀

गणिती

नीरजाताई, त्यांच्या काळाचा आवाका नुसता मांडून बघा. जन्म १८ एप्रिल १८५८. पुण्यापर्यंत रेल्वे आली तीही १८५८ सालीच. राणीचा जाहीरनामा त्याच वर्षीचा. आणि गेले तेव्हा गागारिन अंतराळात जाऊन आला होता, पानशेत फुटून वर्ष उलटलं होतं, सीमेवर चीनशी युद्ध चालू होतं. हे सगळं एका आयुष्यात.

टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी झाली. गोखल्यांनी अण्णांना मुंबईहून बोलावून घेतलं. ते आले १८९१ला. त्यांच्यानंतर आगरकर १८९५ला गेले, गोखले १९१५ला, टिळक १९२०ला. ज्यांच्याबरोबर सुरुवात केली ती सगळी पिढी संपली आणि हे मागे उरले. मला वाटतं, न थांबण्याचं एक कारण तेच असावं. मागे उरलेल्या माणसाला बाकीच्यांचंही थोडं करावंसं वाटतं.

दापोलीकर

मी दापोली तालुक्यातल्या मुरुडजवळचा, त्यामुळे मला थोडं आधीपासून सांगावं लागेल. म्हातारपण कुठून आलं ते त्याशिवाय कळायचं नाही.

अण्णांचा जन्म आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. बालपण मुरुडला. १८७५ साली सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले. शंभर-एकशेदहा मैल, भर पावसाळा, वाटेत घाट. चार दिवसांत पोचले. तिथे साहेबाने चेहऱ्याकडे बघितलं आणि ‘हा सतरा वर्षांचा वाटत नाही’ म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! आले तसे परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाले.

आमच्याकडे ही गोष्ट पोरांना अजून सांगतात. पण सांगणारे बहुतेक चालण्यावर जोर देतात. मला त्यातलं परतणं जास्त मोठं वाटतं. कुंभार्ली घाट उतरताना त्या पोराच्या मनात काय असेल? आणि घरी पोचल्यावर पुन्हा पुस्तक उघडलंच ना त्याने.

दुसरं, मुरुड फंड. मुंबईत नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांनी कमाईतून रुपयामागे पैसा बाजूला काढायचा आणि तो गावाच्या कामाला लावायचा. अण्णा तेव्हा तरुण होते. वर्गणी मागण्याची सवय तेव्हापासूनची. ७८व्या वर्षी त्यांनी नवीन काही सुरू केलं नाही, विशीतलंच चालू ठेवलं.

शमिका

आणि त्याच मुरुडने त्यांना वाळीत टाकलं होतं ना?

दापोलीकर

@शमिका, हो. १८९३ला पुनर्विवाह केल्यावर गावाची बैठक बसली. अण्णा हजर असतील त्या समारंभाला कुणी जायचं नाही. घरच्यांनी त्यांना घरात ठेवून घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार. म्हणजे गावी आल्यावर स्वतःच्या घरी उतरायची सोय नाही, आईशी बसून जेवायची सोय नाही. आज गावात त्यांचं स्मारक आहे. आम्ही अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. दाखवताना बहिष्काराचं पण सांगावं असं माझं मत आहे, आणि मी सांगतो.

नर्मदा_परिक्रमा

सगळे अण्णा अण्णा करताहेत, बायांचं नाव कुणी काढणार आहे की नाही?

बाया म्हणजे आनंदीबाई कर्वे, अण्णांच्या दुसऱ्या पत्नी. माहेरच्या गोदूबाई जोशी, देवरुखच्या. लहानपणी लग्न आणि लगेच वैधव्य. भाऊ नरहरपंत आणि अण्णा मुंबईत एकत्र राहत. त्या भावाने बहिणीला आणलं आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच. शारदा सदन उघडलं ११ मार्च १८८९ला, आणि गोदूबाईंचं अण्णांशी लग्न लागलं ११ मार्च १८९३ला.

अण्णांनी आश्रम काढताना साठवलेले हजार रुपये दिले, पुढे विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली. वाचायला फार छान वाटतं. पण घरात पोरं होती. उद्या यांचं बरंवाईट झालं तर पोरांना काय खायला घालू, हा प्रश्न बायांनी विचारला आणि तो अगदी रास्त होता. त्यांनी ‘माझे पुराण’मध्ये कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिलंय. ज्यांनी अण्णांचं चरित्र वाचलंय त्यांनी हेही वाचावं, नाहीतर चित्र अर्धंच राहतं.

नीरजा म्हणते हा माणूस थांबला नाही. थांबला नाही कारण घर कुणीतरी धरून ठेवलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा

@नर्मदा, शंभर टक्के बरोबर बोललात ताई. आमच्या नागपूरचा यात वाटा आहे म्हणून सांगतो. बाया नागपूरला येऊन सुईणपणाचं शिक्षण घेऊन गेल्या. नवरा पगार आश्रमाला देतो, तर घरासाठी आपण कमवायचं, असा सरळ हिशोब. त्या काळात पुनर्विवाह केलेली बाई, लहान मूल, परका गाव. आपण आज बदली झाली तर चार दिवस जेवत नाही.

गणिती

बायांबद्दल सहमत. एक भर घालतो. बाया १९५०ला गेल्या. थोरला मुलगा रघुनाथ, म्हणजे ‘समाजस्वास्थ्य’वाले र. धों. कर्वे, ऑक्टोबर १९५३मध्ये. १९५८च्या एप्रिलमध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर शताब्दीचा मोठा समारंभ झाला, पंडित नेहरू आले, तेव्हा बायको आणि थोरला मुलगा दोघेही नव्हते. पहिली बायको राधाबाई तर १८९१लाच गेलेल्या. शंभर वर्षांच्या हाराची आपण मोजदाद करतो, पण इतकं जगायचं म्हणजे आपल्या माणसांना पोचवून यावं लागतं.

मोरपीस_७

र. धों. चा विषय निघालाच आहे तर विचारते. बापाने विधवेशी लग्न केलं, मुलाने संततिनियमनाचा प्रचार केला. घरात दोघांचं पटत होतं का?

नर्मदा_परिक्रमा

@मोरपीस, र. धों. राधाबाईंचा मुलगा, जन्म १८८२चा. आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा. तोही गणिताचाच प्राध्यापक झाला, आणि मतांपायी नोकरीला मुकला. जुलै १९२७ पासून मरेपर्यंत त्याने ते मासिक चालवलं, खटले झाले, दंड भरले. बापाने मुलासाठी जाहीर सभा घेतल्या असं काही नाही. दोघांच्या कामाची रीत वेगळी. अण्णा समाजाला बरोबर घेऊन एकेक पाऊल टाकणार, रघुनाथ एकट्याने पुढे जाणार आणि समाज येतो की नाही बघणारही नाही. मला दोघंही हवेसे वाटतात. अशा माणसांचं एका छपराखाली कसं चालायचं याची कल्पना करत बसले तर माझी रात्र जाते.

स्पष्टवक्ता

थोडं वेगळं मत. अण्णांच्या कामाबद्दल आदर आहेच, पण मर्यादा सांगायला हव्यात.

एक, सुरुवातीचा आश्रम मुख्यतः ब्राह्मण घरांतल्या विधवांसाठी होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ साली काढलं, म्हणजे अण्णांच्या आश्रमाआधी तेहतीस वर्षं, तेही याच पुण्यात. त्यांच्या वाट्याला शेणमाती आली, यांच्या वाट्याला रस्ते आणि पुतळे. हे पुण्याने लक्षात ठेवावं.

दोन, स्वतः पुनर्विवाह केला, १८९३ला विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली, आणि नंतर आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध ठेवला नाही. ही तडजोड होती.

तीन, महिला विद्यापीठात मुलींसाठी वेगळा, घरकामाला धरून असलेला अभ्यासक्रम. तेव्हाच लोकांनी टीका केली होती की ही दुय्यम पदवी आहे.

पेठकर

स्पष्टवक्ता, तुमचा पहिला मुद्दा मान्य, अगदी मनापासून. फुले वाड्यावरून जाताना दरवेळी वाटतं की या गावाने आधी कुणाचं ऐकायला हवं होतं.

शमिका

तिसऱ्या मुद्द्याला मी उत्तर देते, कारण तो माझ्या घरातला आहे.

माझी आई दहावी झाल्यावर लग्न होऊन सासरी आली. एकत्र कुटुंब, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण. कॉलेजात जाऊन बसणं शक्यच नव्हतं. एस. एन. डी. टी.ची, म्हणजे अण्णांच्या महिला विद्यापीठाची, परीक्षा बाहेरून देता यायची. दुपारी सगळे झोपले की ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट टाकून बसायची. पाठ ओट्याच्या कडाप्प्याला टेकलेली, मांडीवर पुस्तक, बाजूला निवडायला घेतलेल्या मेथीची परडी. कुणी उठल्याची चाहूल लागली की पुस्तक परडीखाली आणि हातात मेथी. लपवायला कुणी सांगितलं नव्हतं, तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं. अशी ती मराठीत बी. ए. झाली. पदवीदानाला गेली नाही, पोस्टाने आलेलं प्रमाणपत्र आजोबांनी फ्रेम करून आणलं आणि देवघराच्या भिंतीवर लावलं.

ती पदवी कुणाला दुय्यम वाटत असेल तर वाटो. मातृभाषेत शिकता आलं आणि घर न सोडता परीक्षा देता आली, म्हणून तिला ती मिळाली. माझ्या आईला दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाने आत घेतलं नसतं. नंतर ती बालवाडीत शिकवायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत होती.

मोरपीस_७

शमिकाताई 🙏 मेथीच्या परडीखालचं पुस्तक डोळ्यांसमोरून जात नाहीये.

स्पष्टवक्ता

@शमिका, तुमच्या आईंना नमस्कार. अभ्यासक्रम वेगळा असावा का यावर माझं मत तेच आहे, पण बाहेरून परीक्षेची सोय ही फार मोठी गोष्ट होती हे खरं.

गणिती

विद्यापीठाचा हिशोब सांगतो, म्हणजे अण्णांच्या म्हातारपणाकडे परत येता येईल. १९१६ला सुरू केलं तेव्हा हातात पैसा नाही, सरकारी मान्यता नाही. १९२०ला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली, त्यांच्या मातोश्रींचं नाव विद्यापीठाला मिळालं. पुढे १९३६ला मुख्यालय मुंबईला गेलं. आणि कायद्याने विद्यापीठाचा दर्जा कधी मिळाला? १९५१ साली. स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी, अण्णा ९३ वर्षांचे असताना. साठीच्या उंबरठ्यावर लावलेल्या झाडाचं फळ त्यांनी त्र्याण्णवाव्या वर्षी पाहिलं. एवढं जगले नसते तर दिसलंच नसतं.

आणि मधल्या काळात गप्प बसले नव्हते. १९२९ला, वय ७१, युरोप-अमेरिकेचा दौरा. बर्लिनमध्ये आइन्स्टाइनची भेट झाली. परत आले आणि लगेच १९३०च्या अखेरीस आफ्रिका. तिकडे मुलगा शंकर डॉक्टर होता, शिवाय तिथल्या हिंदी लोकांकडून विद्यापीठाला मदत मिळवायची होती. मोंबासा, युगांडा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. सगळं बोटीने आणि आगगाडीने.

पेठकर

आइन्स्टाइन आणि फर्ग्युसनचे गणिताचे प्रोफेसर समोरासमोर! काय बोलले असतील?

वऱ्हाडी_ठेचा

अण्णांनी पावतीपुस्तक काढलं असणार 😄

सुलभा_सांगली

पावतीचा विषय निघाला म्हणून लिहिते. एरवी मी नुसती वाचते.

माझे आजोबा तालुक्याच्या गावी मास्तर होते. ते गेल्यावर त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. त्यात वरच्या कप्प्यात सुतळीने बांधलेला पावत्यांचा गठ्ठा होता. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, विम्याचे हप्ते, आणि त्यातच ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाची एक पावती. रक्कम एक रुपया. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटायला आलेला, पण शाई स्वच्छ. नाव नीट लिहिलेलं, आजोबांच्या नावापुढे ‘रा. रा.’ लावलेलं. एका रुपयासाठी!

आजोबांचा पगार फार नव्हता, पण त्यांनी ती पावती टाकली नाही, विम्याच्या कागदांबरोबर ठेवली. रुपया देणाऱ्यालाही नावानिशी पावती देणारा माणूस आणि ती जपून ठेवणारा मास्तर, असे दोघं असले की शाळा उभी राहते असं मला वाटतं. मी ती पावती प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली आहे.

नीरजा_को

सुलभाताई, ही पावती म्हणजे या धाग्याचं सोनं आहे. जमलं तर फोटो टाकाल का? नावाचा भाग झाकून टाका हवं तर.

सुलभा_सांगली

नक्की. मुलगा शनिवारी येतोय, त्याच्याकडून काढून घेते.

अटकेपार

अमेरिकेतून लिहितोय. पार्वतीबाई आठवल्यांचं नाव अजून आलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. बायांची धाकटी बहीण, त्याही विधवा. आश्रमाचं रोजचं काम आणि वर्गणीची भटकंती, दोन्ही त्यांच्या अंगावर होतं. १९१८ला त्या अमेरिकेला आल्या, इंग्रजी जेमतेम. इथे लोकांच्या घरी धुणीभांडी, घरकाम करून राहिल्या आणि आश्रमासाठी पैसे गोळा केले. मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्याकडे कंपनीचा व्हिसा होता, विमानतळावर घ्यायला मित्र आला होता, तरी पोटात गोळा आला होता. पार्वतीबाई नऊवारीत एकट्या आल्या होत्या.

या घरातल्या बायकांवर स्वतंत्र धागा काढायला हवा. बाया, पार्वतीबाई, पुढे सून इरावती कर्वे.

नर्मदा_परिक्रमा

@अटकेपार, काढा, मी आहेच. आणि स्पष्टवक्तांच्या दुसऱ्या मुद्द्याचं राहिलं. आश्रमाने पुनर्विवाहाचा विषय बाजूला ठेवला ही तडजोड होतीच. पण विचार करा, कोकणातला एखादा बाप केशवपन झालेली बारा वर्षांची मुलगी घेऊन दाराशी आलाय. ‘इथे हिचं पुन्हा लग्न लावून देतील’ असं त्याच्या कानावर असतं तर तो आलाच नसता. मुलगी घरातच चुलीपाशी राहिली असती. अण्णांनी आधी तिला दाराच्या आत घेतलं. शिकल्यावर काय करायचं ते तिचं तिने ठरवलं. या तडजोडीची किंमत होती हे मी मान्य करते, पण त्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

स्पष्टवक्ता

किंमत होती हे मान्य करताय तेवढं मला पुरे आहे. बहुतेक लेखांत ते पण नसतं.

दापोलीकर

आश्रमाच्या हिंगण्याबद्दल, म्हणजे आजच्या कर्वेनगरबद्दल, कुणी लिहिलं नाही. गावाबाहेरचं माळरान होतं. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी जागा दिली. प्लेगच्या दिवसांत आश्रम गावातून हलवावा लागला आणि १९००ला तिथे एक झोपडी उभी राहिली. अण्णा दिवसा फर्ग्युसनमध्ये शिकवत आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान घेऊन हिंगण्याला चालत जात. पावसाळ्यात चिखल, रात्री कंदील. आज मी फर्ग्युसन रस्त्यावरून कर्वेनगरला जातो तेव्हा रिक्षात बसून वैतागतो.

ती झोपडी संस्थेने जपली आहे. पुण्यात राहणाऱ्यांनी एकदा मुलांना घेऊन जावं. तिच्यासमोर उभं राहिलं की आतमध्ये किती कमी जागेत हे सुरू झालं ते दिसतं. आणि तिथून थोड्या अंतरावर आता मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे.

कॉलेजकन्या_२२

त्याच कॉलेजात आहे मी 🙂 आमच्या बॅचला पहिल्या दिवशी झोपडी दाखवतात. तेव्हा कंटाळा आला होता. हा धागा होस्टेलच्या ग्रुपवर टाकलाय, तीन जणी वाचताहेत. एकीने विचारलंय की समता संघ म्हणजे नेमकं काय होतं?

गणिती

@कॉलेजकन्या, छान प्रश्न, आणि स्पष्टवक्तांच्या पहिल्या मुद्द्यालाही इथेच उत्तर आहे. जातिभेद आणि अस्पृश्यता जावी, माणसामाणसात समता यावी यासाठी १९४४ साली काढलेला संघ. ‘मानवी समता’ नावाचं मासिकही काढलं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी ज्याचा आश्रम ब्राह्मण विधवांपुरता होता, तो शहाऐंशीव्या वर्षी जातच नको म्हणून संघ काढतो. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांची दृष्टी रुंदावत गेली. साधारणपणे वय वाढलं की माणसाचं वर्तुळ लहान होतं. घर, मग खोली, मग खाट. यांचं उलट झालं. आधी विधवा, मग सगळ्या स्त्रिया, मग खेड्यातली मुलं, मग सगळी माणसं.

स्पष्टवक्ता

हे मला पटलं. या क्रमाने मी कधी बघितलं नव्हतं.

तिकीटवेडा

माझ्या संग्रहातून थोडी माहिती. १८ एप्रिल १९५८ला शताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, किंमत १५ नये पैसे. स्वतंत्र भारतात हयात असलेल्या माणसाचं तिकीट निघालं ते हे पहिलं. म्हणजे अण्णांना स्वतःचं तिकीट लावून पत्र टाकता आलं असतं! भारतरत्नही त्याच वर्षी, पद्मविभूषण १९५५ला. मुंबई विद्यापीठाची मानद पदवी १९५७ला. मान मिळाले ते सगळे नव्वदीच्या आसपास आणि नंतर.

पेठकर

गावाने वाळीत टाकल्यापासून भारतरत्न मिळेपर्यंत ६५ वर्षं. एवढी वर्षं वाट पाहायला माणसाजवळ आयुष्य पाहिजे.

नर्मदा_परिक्रमा

@पेठकर, वाट पाहत होते असं मला वाटत नाही. त्यांना सन्मानापेक्षा ती १५ लाखांसारखी देणगी जास्त आवडली असती.

आजोबा_सदाशिव

मी ब्याऐंशी वर्षांचा. नातवाने टाइप करून दिलंय.

अण्णा गेले तेव्हा मी कॉलेजात होतो. ते दिवस वेगळेच होते. रेडिओला कान लावून आम्ही नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या सीमेवरच्या, बातम्या ऐकत होतो, जवानांसाठी लोकरीचे कपडे आणि सोनं गोळा होत होतं. त्या धामधुमीत ते गेले. आमच्या आईने बातमी ऐकली आणि काम टाकून पाटावर बसली. तिची मावशी हिंगण्याला शिकली होती, केस काढलेली बालविधवा. पुढे ती शिक्षिका झाली, स्वतःच्या पगारावर राहिली, भाच्यांची शिक्षणं केली. आमच्या आईचं पण तिनेच केलं. म्हणजे मी कॉलेजात होतो तोही त्या मावशीमुळे. आई मला एवढंच म्हणाली, ‘तुझी फी तिथून आली आहे.’

नीरजाबाईंनी विचारलं आहे की ते थांबले का नाहीत. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. या वयात रोज सकाळी उठून आज कुणाला आपली गरज आहे हे शोधावं लागतं. अण्णांना शोधावं लागत नव्हतं. दाराशी कुणी ना कुणी मुलगी उभी होतीच.

शमिका

आजोबा, नमस्कार करते. तुमच्या नातवालाही शाबासकी.

वऱ्हाडी_ठेचा

आजोबा, मावशीआजीबद्दल अजून लिहा न. कुठल्या शाळेत होत्या, काय शिकवायच्या, सगळं.

नीरजा_को

धागा असा रंगेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

बायांचा आणि पार्वतीबाईंचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऐंशीनंतरची वर्षं असा प्रश्न मी विचारला, पण ती वर्षं अण्णांना एकट्याने मिळालेली नव्हती. आजोबांचं उत्तर माझ्यासाठी पुरेसं आहे.

आता एक काम सुचतंय. आश्रम आणि विद्यापीठाबद्दल भरपूर छापलेलं आहे, ग्राम शिक्षण मंडळाच्या शाळांबद्दल फार थोडं. त्या शाळा ज्या खेड्यांत होत्या तिथे जुनी हजेरीपत्रकं, जनरल रजिस्टरं कपाटात पडलेली असतील. तुमच्या गावची शाळा १९३६ ते १९५०च्या दरम्यान सुरू झाली असेल तर मुख्याध्यापकांना पहिलं रजिस्टर बघायला मागा आणि शाळा कुणी काढली ते इथे लिहा. पुणे आणि सातारा जिल्ह्यापासून सुरुवात करू.

दापोलीकर

रत्नागिरी माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन शाळांत जाऊन येतो.

सुलभा_सांगली

आजोबांच्या पावतीवर गावाचं नाव आणि तारीख आहे. फोटो टाकते तेव्हा तेही वाचून लिहिते, म्हणजे त्या भागात विचारता येईल.

कॉलेजकन्या_२२

आम्ही तिघी भोर तालुका घेतो. रूममेटचं गाव तिकडेच आहे, तिच्या काकू प्राथमिक शाळेत बाई आहेत. रविवारी फोन करतोय.